पदवी डिसेंबरात घ्यायची की मेमध्ये? पीएच.डी.च्या निकालाची वाट पाहताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीची एक विद्यार्थिनी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीत बी.एस. करते आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत विषय घेतल्यामुळे तिचे १२० क्रेडिट्स या डिसेंबरातच पुरे होतील. पीएच.डी.चे अर्ज १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान जातील आणि निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतील. फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टर नुकतंच सुरू झालं आहे, विषय बदलायची मुदत अजून संपलेली नाही. ती विचारते, "डिसेंबरात पदवी घेऊन एका सेमिस्टरची फी वाचवू की मेपर्यंत थांबू? आणि कुठेच प्रवेश मिळाला नाही तर?"

उत्तर आधी सांगते, कारणं मग. मेपर्यंत थांब, पण पूर्ण सेमिस्टरची फी भरून नाही. पदवीला लागणारा एखादाच विषय स्प्रिंगसाठी, म्हणजे जानेवारी ते मेच्या सेमिस्टरसाठी, राखून ठेव, तेवढ्याचेच पैसे भर आणि मेमध्ये पदवी घे. हे जमत नसेल तर डिसेंबर आणि ओपीटी, म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची विद्यार्थ्यांना मिळणारी तात्पुरती परवानगी. पदवी घेऊन सरळ घरी परतणं कागदावर सगळ्यात स्वस्त दिसतं, पण तुझ्या बाबतीत मला तेच सगळ्यात महाग वाटतं.

इथल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात डीएसओ, म्हणजे त्यांची इमिग्रेशनची कागदपत्रं सांभाळणारी अधिकारी, म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आहे. मुलं हा प्रश्न फीच्या बाजूने विचारतात, आईवडील "मध्ये गॅप पडेल का" या बाजूने. दोघांच्याही हिशोबात आय-२० वरची (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरची) प्रोग्रॅम एंड डेट, म्हणजे अभ्यासक्रम संपायची तारीख, नसते, आणि खरा निकाल तीच लावते. समारंभ कधी आहे किंवा प्रमाणपत्रावर कुठला महिना छापला आहे याच्याशी इमिग्रेशनला फारसं देणंघेणं नाही. अभ्यासक्रम संपला त्या दिवसापासून मुदती मोजल्या जातात.

या मुदती दोन आहेत. पहिली ६० दिवसांची, ती बहुतेकांना ठाऊक असते. तेवढ्या दिवसांत देश सोडायचा, नाहीतर ओपीटीचा अर्ज पोचलेला हवा, नाहीतर दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर मागितलेली हवी. दुसरी मुदत पाच महिन्यांची, आणि ती माहीत असलेली मुलं मला क्वचितच भेटली. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना सेव्हिसमधला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतला, तुझा रेकॉर्ड ट्रान्सफर होतो. त्यासाठी जुना अभ्यासक्रम संपल्यापासून पाच महिन्यांच्या आत नवा सुरू व्हावा लागतो. मधल्या काळात ओपीटीवर असशील तर गोष्ट वेगळी, तिथे हे पाच महिने ओपीटी संपल्यापासून किंवा तुझा रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे गेल्यापासून मोजतात.

आता तारखा मांडून बघ. तुझा प्रोग्रॅम १५ डिसेंबरला संपला असं धर. ६० दिवस १३ फेब्रुवारीला संपतात. तोवर तुझ्या हातात एखाद-दुसरी ऑफर असेल, किंवा काहीच नसेल. पाच महिने १५ मे रोजी संपतात, आणि पीएच.डी. सुरू होणार ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे मधल्या काळात ओपीटी नसेल तर सगळीकडे निवड होऊनही ट्रान्सफर होणार नाही. नवा आय-२०, नवा सेव्हिस क्रमांक, ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क परत एकदा आणि बहुधा मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत व्हिसाची मुलाखतही परत एकदा. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख शिल्लक असली तरी, पाच महिन्यांहून जास्त काळ शिक्षणाबाहेर राहून देशाबाहेर असलेल्या विद्यार्थ्याचा व्हिसा बाद धरला जाऊ शकतो.

मुलाखत ही एरवी एक औपचारिकता, असं म्हणणाऱ्यांनी २०२५ चा उन्हाळा आठवावा. २७ मे रोजी जगभरच्या अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या भेटी देणं थांबवलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा सुरू झालं, पण तोवर ऐन हंगामातले तीन आठवडे गेले होते. जी मुलं इथेच राहून ट्रान्सफर करत होती, त्यांना याची झळ लागली नाही.

आता हेच मेसाठी मांड. प्रोग्रॅम १० मे रोजी संपला, तर ६० दिवस ९ जुलैला संपतात आणि पाच महिने १० ऑक्टोबरला. ऑगस्टमधला प्रवेश त्यात आरामात बसतो. ट्रान्सफर मागायची आणि उन्हाळा इथे काढायचा, किंवा घरी जाऊन नवा आय-२० घेऊन परत यायचं. काही बायोमेडिकल प्रोग्रॅम पहिल्या लॅब रोटेशनसाठी जुलैतच बोलावतात, तेही चालतं.

आणि १५ एप्रिल ही तारीख १० मेच्या अलीकडे येते. मेच्या बाजूने माझ्याकडे एकच कारण मागितलंस तर मी हे देईन. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे. त्यावर सह्या केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्यासह दिलेल्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. त्यामुळे चांगल्या ऑफर असलेली मुलं शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात आणि वेटिंग लिस्ट हलते ती त्याच आठवड्यात, कधी त्याच्याही नंतर. फेब्रुवारीत "काही झालं नाही" असं वाटणाऱ्या मुलांचं एप्रिलमध्ये झालेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मेमध्ये पदवी घेणारी मुलगी सगळी उत्तरं हातात आल्यावर पुढचा रस्ता निवडते. डिसेंबरात घेणारीला तो पहिल्या मुलाखतीच्याही आधी निवडावा लागतो. (हा ठराव आर्थिक साहाय्याच्या ऑफरपुरता आहे. स्वतःच्या पैशाने करायच्या एमएसला विद्यापीठं आपापली मुदत लावतात आणि डिपॉझिटही मागतात. एमएसचे अर्ज केले असतील तर त्या तारखा वेगळ्या लिहून ठेव.)

मुलाखतींचंही असंच. बायोकेमिस्ट्रीच्या प्रोग्रॅमांचे इंटरव्ह्यू वीकेंड जानेवारी-फेब्रुवारीत असतात. अमेरिकेत असलेल्या उमेदवाराचं तिकीट आणि हॉटेल विद्यापीठ करतं, भारतात असलेल्याची मुलाखत बहुतेक वेळा झूमवर होते. झूमवर निवड होत नाही असं नाही. पण दोन दिवस प्रत्यक्ष प्रयोगशाळांत फिरून, तिथल्या विद्यार्थ्यांशी जेवताना गप्पा मारून गाइडबद्दल जे कळतं ते झूमवर कळत नाही. पाच-सहा वर्षं ज्याच्या हाताखाली काढायची, त्याच्याबद्दल ते कळायला हवं.

आता पैशांकडे. परदेशी विद्यार्थ्याला एका सेमिस्टरची पूर्ण फी पंधरा-वीस हजार डॉलर सहज पडते, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. एवढे पैसे केवळ तारीख पुढे सरकवायला घाल असं मी कुणाला सांगणार नाही. पण एफ-१ च्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या, नियमांत एक सोय आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स घ्यावेच लागतात. मात्र शेवटच्या सेमिस्टरला पदवीसाठी त्याहून कमी उरले असतील, तर डीएसओ कमी विषयांची परवानगी देऊ शकतो. एकच विषय उरला असेल तर तेवढाच घेता येतो. तीन क्रेडिट्सचा विषय, क्रेडिटमागे हजार-दीड हजार डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. पूर्ण सेमिस्टरच्या मानाने हा खर्च झेपण्यासारखा आहे.

इथे तुझी वेळ चांगली आहे, कारण फॉलचे विषय अजून बदलता येतात. बायोकेमिस्ट्रीचा शेवटचा अनिवार्य विषय, म्हणजे कॅपस्टोन किंवा सीनियर लॅब असं जे काही तुझ्या विभागात असेल ते, स्प्रिंगमध्येही शिकवलं जातं का ते आजच विचार. जात असेल तर फॉलमधून तो काढ आणि त्या जागी ग्रॅज्युएट पातळीचा एखादा विषय घे. स्ट्रक्चरल बायॉलॉजी घे, बायोस्टॅटिस्टिक्स घे, जो पुढच्या संशोधनाला उपयोगी पडेल तो घे. याने दोन कामं होतात. फॉलचे किमान १२ क्रेडिट्स शाबूत राहतात. शिवाय प्रवेश समितीला दिसणाऱ्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये एक वजनदार विषय येतो. अर्ज डिसेंबरात गेल्यावर स्प्रिंगमध्ये तू कितीही अवघड विषय घेतलेस तरी या वर्षीच्या निर्णयावर त्यांचा काही परिणाम होत नाही. फॉलचे गुण मात्र जानेवारीत कळवता येतात, आणि समित्या ते बघतात. मुलं नेमकं उलटं करतात, सोपे अनिवार्य विषय आधी उरकतात आणि दमदार विषय शेवटच्या सेमिस्टरला ठेवतात.

यात पाय घसरण्याच्या जागाही आहेत. राखून ठेवलेला एकमेव विषय ऑनलाइन असून चालत नाही, वर्गात बसूनच करावा लागतो. त्या विषयात नापास झालीस किंवा इन्कम्प्लीट (काम अपुरं राहिल्याचा शेरा) घेतलास तर पदवी लांबते, आणि ऑगस्टमध्ये नव्या विद्यापीठाला पदवी मिळाल्याची नोंद असलेली अंतिम ट्रान्स्क्रिप्ट लागते. एक विषय आहे म्हणून तो हलक्यात घेऊ नकोस. मेरिट स्कॉलरशिप असेल तर तिला पूर्णवेळ नोंदणीची अट असते, ती एका विषयावर गळून पडेल. पण पूर्ण फीच नसल्यामुळे गणित तरीही बहुधा तुझ्याच बाजूने येतं, कागद-पेन घेऊन करून बघ.

सगळ्यात मोठी गफलत दुसरीच. काही मुलं म्हणतात, "माझ्या आय-२० वर मेची तारीख आहे, डिसेंबरात विषय पुरे झाले तरी मी ग्रॅज्युएशनचा अर्जच करणार नाही." ही पळवाट चालत नाही. पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या की अभ्यासक्रम संपला, मग आय-२० वर काहीही लिहिलेलं असो. डीएसओला ती तारीख अलीकडे आणावी लागते आणि ६० दिवस तिथून मोजले जातात. मेपर्यंत राहायचं तर पदवीसाठी खरोखर लागणारं काहीतरी शिल्लक असलं पाहिजे, आणि ते डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीच्या पुऱ्या-अपुऱ्या अटींच्या यादीत, दिसलं पाहिजे. विषय बदलायची मुदत संपल्यावर हे कुणाच्या लक्षात आलं तर दोनच प्रामाणिक वाटा उरतात. ऑनर्स थिसिसचा दुसरा भाग स्प्रिंगमध्ये ठेवायचा, किंवा खरंच हवा असलेला मायनर वा दुसरा मेजर रीतसर जाहीर करायचा. आता काही घोळ झाला तर हातातला विषय मध्येच सोडून फॉलला १२ च्या खाली मात्र येऊ नकोस, त्याने एफ-१ स्टेटसच धोक्यात येतं.

मेपर्यंत विद्यार्थिनी राहण्याचे लहान फायदेही लक्षात घे. कॅम्पसवरची नोकरी चालू राहते. प्रोग्रॅम संपल्यावर ओपीटीशिवाय लॅबमध्ये पगारावर एक तासही काम करता येत नाही. आणि डिसेंबरच्या सुट्टीत घरी जाता येतं! याला हसू नकोस. स्प्रिंगची नोंदणी असलेली विद्यार्थिनी सांगलीला जाऊन संक्रांतीच्या आत परत येते, विमानतळावर ती चालू विद्यार्थीच असते. १५ डिसेंबरला प्रोग्रॅम संपवून ६० दिवसांच्या भरवशावर घरी गेलेल्या मुलीचे उरलेले दिवस मात्र देश सोडताच संपतात. ओपीटीचा अर्ज विचाराधीन असताना जाऊन येणं नियमात बसतं, पण वैध व्हिसा, प्रवासाची सही असलेला आय-२० आणि अर्जाची पावती एवढ्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पटवावं लागतं. मी तो प्रवास करू नकोस असंच सांगत आले आहे.

समजा, मे जमतच नाही. सगळे विषय अटळपणे डिसेंबरात संपताहेत, किंवा घरून पैसे येणं थांबलं आहे. मग डिसेंबर आणि ओपीटी. अर्ज प्रोग्रॅम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे तुझ्यासाठी १६ सप्टेंबरपासून. डीएसओने शिफारस टाकल्यावर ३० दिवसांत तो इमिग्रेशनकडे पोचायला हवा. ओपीटी कधी सुरू व्हावी ती तारीख प्रोग्रॅम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली निवडता येते. नोकरी ठरलेली नसेल तर शेवटची निवड, म्हणजे १३ फेब्रुवारी. त्यानंतर एकूण ९० दिवस बेरोजगार राहिलेलं चालतं, हे दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरतात. म्हणजे नोकरी मिळाली नाही तरी १५ एप्रिल तुला इथे राहूनच गाठता येते. प्रवेश मिळाला की ट्रान्सफरची तारीख ठरते आणि त्या दिवशी ओपीटी आपोआप संपते, ओपीटीच्या परवाना-कार्डावर महिने शिल्लक असले तरी. मात्र ऑगस्टपर्यंत नोकरी चालू ठेवायची असेल तर ती तारीख आधी येऊ देऊ नकोस, दोन्ही डीएसओंशी बोलून ठरव.

बायोकेमिस्ट्रीवाल्यांना ही वाट इतरांपेक्षा सोपी आहे. ज्या लॅबमध्ये तू आत्ता काम करतेस, तिथल्याच प्राध्यापकांकडे संशोधन सहायक म्हणून विचार. ओपीटीवरचं काम तुझ्या विषयाशी थेट संबंधित आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं. पहिल्या १२ महिन्यांत ते बिनपगारी असलं तरी धरलं जातं, मात्र कामगार कायद्याचा भंग होता कामा नये. आणि एक गैरसमज: बी.एस.ची ओपीटी वापरली म्हणून पीएच.डी.नंतरची कमी होत नाही. दर वरच्या पदवीला १२ महिने नव्याने मिळतात.

आता तुझा तिसरा प्रश्न, जो तू शेवटी आणि घाईत लिहिला आहेस: कुठेच नाही झालं तर? तर मेमध्ये पदवी घे. पदवी आणखी लांबवून "विद्यार्थी म्हणूनच पुन्हा अर्ज करते" हा विचार मनातून काढून टाक. प्रवेश समितीत बसणाऱ्या प्राध्यापकांना पदवी डिसेंबरातली की मेमधली, चार वर्षांची की साडेचार, यात रस नसतो. शिफारसपत्रांत संशोधनाबद्दल काय लिहिलं आहे ते बघतात. आपल्याकडे गॅप या शब्दाची जी धास्ती आहे, ती इथे नाही. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं लॅबमध्ये काम करून पीएच.डी.ला येणारी मुलं जीवशास्त्राच्या वर्गांत भरपूर असतात, आणि बहुतेक वेळा तीच जास्त तयार असतात.

त्यासाठी ओपीटीचा अर्ज मेच्या वेळापत्रकातही विसरायचा नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो करता येतो, शेवटची मुदत ९ जुलै. कार्ड यायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि ते हातात आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, म्हणून जुलैची वाट पाहू नकोस. माझा ठोकताळा असा: मार्चच्या मध्यापर्यंत आर्थिक साहाय्यासह एकही ऑफर नसेल तर अर्ज भरून टाक. नंतर वेटिंग लिस्ट हलली तर मंजुरीआधी तो मागे घेता येतो. शुल्क परत मिळत नाही, तेवढे काहीशे डॉलर विम्याचा हप्ता समज.

ऑफर असली तरी अर्ज भरावा का? २०२५ पूर्वी मी नाही म्हटलं असतं. त्या वर्षी संघराज्याचा संशोधन निधी अडला, तेव्हा यूमास चॅन या वैद्यकीय विद्यापीठाने बायोमेडिकल शाखेतल्या दिलेल्या ऑफर मार्चमध्ये मागे घेतल्या, इतर काही ठिकाणी प्रवेश थांबवले किंवा कमी केले. तेव्हापासून माझं मत बदललं आहे. पगाराचा आकडा लिहिलेलं ऑफर लेटर आणि नव्या विद्यापीठाचा आय-२० हातात येईपर्यंत ओपीटीचा मार्ग उघडा ठेव.

आपल्याच विद्यापीठात एमएस हाही एक आधार असतो. बऱ्याच विभागांची मुदत पीएच.डी.पेक्षा उशिराची असते आणि त्याच विद्यापीठात राहिल्यामुळे ट्रान्सफरही लागत नाही, आय-२० ची फक्त पातळी बदलते. पण त्याला बहुतेक वेळा स्वतःचे पैसे लागतात. केवळ इथे राहता यावं म्हणून कर्जावर कर्ज काढून एमएस करण्यापेक्षा लॅबमधला पगार बरा, असं माझं मत आहे. यावर माझ्याशी भांडणारे सहकारी आहेत.

कर्जावरून आठवलं. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र काढून वाच. हप्ते अभ्यासक्रम संपल्यापासून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सुरू होतात, बँकेप्रमाणे बदलतं. डिसेंबरात संपवलंस तर तेही पाच महिने अलीकडे येतात. फीची बचत मोजताना ही रक्कम कुणी धरत नाही. पुढच्या शिक्षणासाठी हप्ते पुढे ढकलता येतात का, ते बँकेला लेखी विचार.

वरचं सगळं एफ-१ वर असलेल्यांसाठी. नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना या मुदतींचं बंधन नाही. त्यांनी डिसेंबरात पदवी घ्यावी, आठ महिने कमवावं, बस. आणि पुण्या-मुंबईतून थेट अर्ज करणाऱ्यांना तारीख निवडायची सोयच नसते. त्यांची अडचण वेगळी, शेवटच्या सेमिस्टरचा निकाल आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र ऑगस्टच्या आत हातात पडणं. त्यांनी एप्रिलपासूनच परीक्षा विभागाच्या खिडकीवर हजेरी लावावी.

अर्जात अपेक्षित पदवीची तारीख विचारतील. मे ठरलं तर सगळीकडे मे लिही. अर्ज गेल्यावर बदल झाला तर विभागाच्या समन्वयकाला दोन ओळींची ईमेल पुरते, त्याने कुणाचा प्रवेश गेलेला मी पाहिला नाही. आणि मी दिलेले दिवस तुझ्या डीएसओकडून पडताळून घे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने एफ-१ चे नियम बदलायचा प्रस्ताव मांडला, त्यात हे ६० दिवस ३० वर आणायचं म्हटलं आहे. असं काही लागू झालं तर मेच्या गणितात मुदत ९ जूनवर येते. निवड तीच राहते, ट्रान्सफर आणि ओपीटीची कामं तेवढी आधी उरकावी लागतील.

डीएसओकडे जाण्याआधी अकॅडमिक ॲडव्हायजरकडे जा. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत आणि एकमेकांशी बोलतीलच असं धरू नकोस. ॲडव्हायजरकडून विषय हलवल्यानंतरचं डिग्री ऑडिट छापून घे, त्यात एक अट अपूर्ण दिसली पाहिजे. ते घेऊन डीएसओला दोनच गोष्टी विचार: स्प्रिंगमध्ये कमी विषयांची परवानगी मिळेल का, आणि आय-२० वर शेवटची तारीख कोणती राहील. दोन्हींची उत्तरं ईमेलवर घे.

राहिला समारंभ. तुझ्या आईबाबांना यायचं आहे असं तू लिहिलं आहेस. डिसेंबरात संपवणाऱ्यांनाही बरीच विद्यापीठं मेच्या समारंभात मंचावर जाऊ देतात, तेव्हा त्यासाठी पदवीची तारीख ठरवू नकोस. पण त्यांच्याकडे व्हिजिटर व्हिसा नसेल तर मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. त्यांचा डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म तुझ्या पीएच.डी.च्या अर्जांच्या आधी भरून टाका, आणि तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा.